मागील दारचा तरणतलाव

कोकणातील जुन्या घराचे मागील दार ही कामाची जागा होती. विहीर, धुण्याचा दगड, न्हाणीघर आणि त्याला लागून असलेले अळू-केळीचे वाफे अशी तिची मांडणी असे. न्हाणीचे सांडपाणी अळवाला जाई आणि विहिरीचे पाणी पाटाने नारळी-पोफळीच्या आळ्यांत फिरवले जाई. अलिबाग तालुक्याच्या किनारपट्टीवर गेल्या काही वर्षांत जे बंगले उभे राहिले, त्यांत हीच जागा विश्रांतीची झाली असून तेथे तरणतलाव, त्याच्या कडेने फळ्यांचा ओटा, म्हणजे बांधकामाच्या भाषेतला डेक, आणि एखादी छत्रीवजा शेड असा संच ठरून गेला आहे. मांडव्याला मोटारी नेणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि मुंबईहून शनिवार-रविवारसाठी येणाऱ्यांचे अंतर कमी होताच या बांधकामांना वेग आला.

प्रस्तुत पाहणीचे कारण मे महिन्यातील टँकर हे होते. रायगड जिल्ह्यातील काही वाड्यांना उन्हाळ्यात टँकरचे पाणी पुरवावे लागते आणि त्याच दिवसांत, त्याच रस्त्यांवरून, दुसरे टँकर नव्या तलावांकडे जात असतात. किनाऱ्याजवळच्या एका गावात अशा बांधकामावर गेले असता पर्यवेक्षकाने पहिल्याच वाक्यात आकडा सांगितला: चाळीस हजार लिटर. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल अशा तलावात एवढे पाणी मावते, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर.

खोदाई, सोलिंग, पीसीसीचा थर, सळईची दुहेरी जाळी आणि काँक्रीट हा क्रम कोणत्याही पाण्याच्या टाकीसारखाच असतो. द्रव साठवणाऱ्या काँक्रीट बांधकामासाठी आयएस ३३७० हे भारतीय मानक आहे आणि तलावही त्याच्याच कक्षेत येतो. त्यावर जलरोधक लेप चढतो आणि शेवटी निळ्या फरशा बसतात. मालकांची बहुतेक चर्चा फरशांच्या रंगाविषयी होते, असे पर्यवेक्षकाने सांगितले. कामाचा खरा कस मात्र लागतो काठावर. ज्या तलावाची एक बाजू पाण्याने काठोकाठ भरलेली दिसते आणि तेथून पाणी पलीकडे सांडते, त्यात सांडलेले पाणी खालच्या समतोल टाकीत जमते आणि पंप ते गाळून परत वर पाठवतो. काठावरून वाहणारा हा थर मोजक्या मिलिमीटरचाच असल्याने काठ एका टोकाला तीन-चार मिलिमीटर खाली असला तरी सारे पाणी त्याच कोपऱ्यातून वाहते आणि उरलेला काठ कोरडा पडतो.

हा काठ साधणारा गवंडी पाहणाऱ्याचे लक्ष पुन्हा पुन्हा वेधून घेतो. पर्यवेक्षकाकडे लेझर यंत्र आहे, पण भर उन्हात त्याची रेषा नीट दिसत नाही. मिस्त्रीच्या हातात पारदर्शक प्लास्टिकची पाण्याने भरलेली लांब नळी असते. तिची दोन्ही टोके उघडी असल्याने आतले पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला स्थिरावते, अट एवढीच की मध्ये हवेचा बुडबुडा अडकता कामा नये. म्हणून प्रत्येक मोजमापाआधी तो नळी बोटभर अंतराने तपासत जातो, बुडबुडा दिसला की टिचकी मारून त्याला टोकाकडे सरकवतो, मग एक टोक पक्क्या खुणेला लावून उभा राहतो, आणि पलीकडचा मदतनीस “मिस्त्री, खुणेवर आलं” असे सांगेपर्यंत हलत नाही. काठाच्या चोवीस मीटर लांबीत हे कितीदा केले जाते याचा हिशेब कोणी ठेवत नाही; ओल्या सिमेंटच्या वासात, उकिडवे बसून, थापीच्या टोकाने मसाल्याचा पातळ पापुद्रा काढून किंवा घालून तो पुन्हा नळी मागवतो. या कौशल्याची मजुरी भिंत बांधण्याच्या मजुरीइतकीच आहे, आणि हे अन्यायाचे आहे.

डेकचे काम सुताराचे. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाची फळी टिकते, तिला वाळवी लागत नाही, पण दुपारच्या उन्हात ती अनवाणी पायाला चटके देते. सागवान त्यामानाने कमी तापते, मात्र पावसाळ्यात फुगते, म्हणून दोन फळ्यांत फट सोडावी लागते. समुद्राची खारी हवा साध्या स्क्रूला महिन्यांत गंज चढवते, त्यामुळे जाणता सुतार ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा आग्रह धरतो. फळ्यांखालच्या जमिनीला उतार आणि वाऱ्याला वाट ठेवली नाही तर तेथे पाणी साचून डास होतात.

या साऱ्यात सर्वांत कमी बोलला जाणारा प्रश्न जमिनीखालच्या पाण्याचा आहे. किनाऱ्यालगत पावसाळ्यात भूजल जवळजवळ पृष्ठभागापर्यंत चढते. वर सांगितलेल्या मापाचे काँक्रीटचे रिकामे भांडे, तळ आणि भिंती वीस सेंटिमीटर जाडीच्या धरल्या तर, साधारण ३३ टनांचे भरते. पण भोवतालचे पाणी काठापर्यंत आले की त्याचा वर ढकलणारा जोर पन्नास टनांहून अधिक होतो, आणि रिकामा तलाव नावेप्रमाणे उचलला जाऊ शकतो, त्याच्या भिंतींना तडे जातात आणि नळजोडण्या तुटतात. तळाशी बसवलेली एकमार्गी झडप हा दाब काही अंशी सोडते. सर्वांत खात्रीचा उपाय मात्र तलाव भरलेला ठेवणे हाच, कारण तेच चाळीस हजार लिटर चाळीस टनांचे वजन होऊन त्याला जागी धरून ठेवतात.

येथेच कामाच्या वेळापत्रकातील दोष उघड होतो. पाऊस ओसरल्यावर खोदाई सुरू होते आणि मालकाला तलाव मे महिन्याच्या सुट्टीत हवा असतो, म्हणून गळती तपासण्यासाठी तो एकदा टँकरने भरला जातो, फरशा बसवण्यासाठी रिकामा केला जातो आणि पुन्हा टँकरने भरला जातो. पर्यवेक्षकाचा आकडा अशा रीतीने दुप्पट होतो, तोही वर्षातील सर्वांत कोरड्या आठवड्यांत. याउलट दोनशे चौरस मीटरच्या छपरावर २५० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील वीस टक्के वाया गेला असे धरले, तरी चाळीस हजार लिटर हाती येतात, आणि जुलैत या किनाऱ्यावर एवढा पाऊस काही दिवसांतच होतो. ज्या महिन्यांत तलाव भरलेला असणे त्याच्या मजबुतीसाठी आवश्यक आहे, त्याच महिन्यांत ते पाणी छपरावरून फुकट वाहून जात असते.

पुढे उरतो बाष्पीभवनाचा प्रश्न. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडते असे मानल्यास या तलावाला रोज १६० लिटर, म्हणजे फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांत सुमारे एकोणीस हजार लिटर भर घालावी लागते. वीस हजार लिटरची टाकी डेकखालच्या मोकळ्या जागेत खोदून बसवता येते आणि पावसाळ्यात भरून ठेवता येते. पाणी नियमित गाळले, त्याचा सामू ७.२ ते ७.८ या मर्यादेत राखला आणि क्लोरीनची मात्रा सांभाळली, तर दरवर्षी तलाव उपसण्याचेही कारण पडत नाही. गाळणी धुतलेले क्लोरीनयुक्त पाणी तेवढे पोफळीच्या आळ्यांत न सोडता वेगळ्या शोषखड्ड्यात न्यावे लागते.

ज्यांचे नकाशे अद्याप कागदावर आहेत, त्यांनी पहिली सुट्टी तलावाविना काढून तो पावसाने भरू द्यावा आणि साठवण टाकीची जागा आजच आखून घ्यावी. डेकच्या फळ्या एकदा बसल्या की ती टाकी मोडतोड केल्याशिवाय घालता येत नाही.