टीव्ही बघून भाजी पिकते का? 🍅

माझं उत्तर : हो, पण निवडून घेतलं तर!

दूरदर्शनवर ‘कृषी दर्शन’ २६ जानेवारी १९६७ला सुरू झालं, बीबीसीचं ‘गार्डनर्स वर्ल्ड’ १९६८ला. पडद्याची खरी ताकद म्हणजे हाताचं काम दाखवणं.

✅ हे नक्की शिका
• टोमॅटोची बगलफूट कुठून आणि कशी खुडायची.
• वेलभाज्यांचं हाताने परागीकरण. मादी फुलामागे इवलंसं फळ असतं, नर फुलामागे नुसता देठ. भोपळ्याची फुलं सकाळी उमलतात, दुधीची संध्याकाळी. वेळ चुकली की फळ पिवळं पडून गळतं.

⚠️ हे जसंच्या तसं उचलू नका
• वेळापत्रक. इंग्लंडमध्ये थंडीचा कडाका ओसरल्यावर, मे अखेरीस टोमॅटो उघड्यावर लावतात. आपल्याकडे तेव्हा ऊन भाजून काढतं. आपल्या हिवाळी टोमॅटोची रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तयार करायची.
• प्रमाण. किडींवर फवारायला शेतीच्या कार्यक्रमात १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळी सांगतात. गच्चीसाठी हिशेब सोपा : लिटरला ५० ग्रॅम. कुटून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी गाळा, पाणी घालून एक लिटर करा आणि संध्याकाळी फवारा.

📝 कार्यक्रम बघताना वही जवळ ठेवा. महिना, अंतर, प्रमाण आणि काढणीचे दिवस, एवढं लिहून घ्या. यातलं काहीच सांगितलं नसेल, तर तो कार्यक्रम डोळ्यांना सुखावेल, पण टोपली भरणार नाही.

तुम्ही टीव्हीवर बघून काय पिकवलंत? नक्की सांगा! 🌱