नकाशातली बाग जमिनीवर कधी येते?

शहराच्या विकास आराखड्यात एखादा भूखंड हिरव्या रंगाने दाखवलेला असतो. आजूबाजूला सदनिका घेणारे तो नकाशा पाहून समजतात, की समोर आज ना उद्या बाग होणार. पंधरा-वीस वर्षांनी तिथे इमारतीचा पाया खणला जाऊ लागला, की मला प्रश्न येतो, 'हे आरक्षण उठवले कोणी?' पुष्कळदा उत्तर असते, कोणीच नाही. ते मुदतीअभावी संपले.

असे कसे होते? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे जमीन आरक्षित झाली तरी मालकी मूळ मालकाकडेच राहते. महापालिकेने ती रीतसर ताब्यात घ्यावी लागते. त्यासाठी मोबदला द्यायचा, रोख रकमेऐवजी वाढीव चटईक्षेत्र किंवा टीडीआर द्यायचा, नाहीतर भूसंपादनाची कारवाई करायची. आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत यातले काही झाले नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर महापालिकेच्या हाती २४ महिने उरतात. पूर्वी ही मुदत सहाच महिन्यांची होती. तेवढ्यात संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण संपुष्टात आले असे कायदा मानतो. नुसता ठराव करणे किंवा सरकारला प्रस्ताव धाडणे म्हणजे पाऊल उचलणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स खटल्यात स्पष्ट केले.

यात कायद्याचा दोष आहे, असे मला वाटत नाही. मोबदला न देता एखाद्याची जमीन वर्षानुवर्षे अडकवून ठेवणे हाही अन्यायच. खरी मेख आहे ती अंदाजपत्रकात. आराखड्यावर हरकती नोंदवायला नागरिक रांगा लावतात. पण भूसंपादनासाठी दरवर्षी किती तरतूद झाली आणि त्यातली किती खर्ची पडली, याची चौकशी फारसे कोणी करत नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या प्रभागातल्या आरक्षणांची यादी मिळवा. माहितीच्या अधिकारात तीनच गोष्टी विचारा : आराखडा कोणत्या तारखेला अमलात आला, जागेचा ताबा मिळाला आहे का, आणि कलम १२७ ची नोटीस आली आहे का. नोटीस आली असेल, तर नगरसेवकाकडे जाण्याची वेळ तीच. २४ महिने उलटल्यावर काढलेल्या मोर्चाने ती बाग परत मिळणे फार कठीण असते.