ग्लासातला पहिला पाऊस

नाक जरा जवळ आण. अजून जवळ. हं, आता या ग्लासाचा वास घे!

काय आठवलं?

ग्लासात आहे बिटाचा रस. बाहेर आहे डिसेंबरची कडक थंडी. बोललं की तोंडातून वाफ निघतेय! चाकणला पहिल्या पाळीचे कामगार घेऊन निघालेल्या कंपनीच्या बसच्या काचा धुक्यानं पांढऱ्या झाल्यात. पाऊस तर केव्हाच गावाला गेला. आणि तरी या ग्लासातून कसला वास येतोय? ओल्या मातीचा. जूनमधल्या पहिल्या सरीचा!

हा पाऊस ग्लासात शिरला कसा? सांगते. पण आधी ग्लास तर भरू!

आपण करणार आहोत हिवाळी कॉकटेल. दचकू नकोस, हे मोठ्यांचं नाही! कॉकटेल म्हणजे मिश्रण, आणि आपलं मिश्रण निव्वळ भाज्यांचं. सकाळी फिरायला गेलेल्या आजोबांबरोबर बागेच्या फाटकापाशी थांबून बघ. तिथल्या ज्यूसच्या गाडीवर बरण्या मांडलेल्या असतात. लाल, केशरी, पोपटी. बीट, गाजर, दुधी, आवळा आणि... ईऽऽ, कारलं! आजोबा ते गटागटा पितात. कसे पितात, हे मला अजून कळलेलं नाही.

आपण कारलं नको घेऊ. घे एक बीट, दोन लाल गाजरं, एक टोमॅटो, एक आवळा, आल्याचा नखाएवढा तुकडा आणि पुदिन्याची चार पानं. गाजर लालच हं! केशरी गाजर वर्षभर मिळतं, पण हे लाल गाजर मंडईत येतं थंडीतच. आणि गंमत ऐक. त्याला लाल करणारा रंग आणि टोमॅटोला लाल करणारा रंग एकच आहे! त्याचं नाव लायकोपीन. गाजर आणि टोमॅटो म्हणजे जणू एकाच शाळेचा गणवेश घातलेली दोन मुलं.

बीट मात्र वेगळ्या शाळेतलं. त्याच्या रंगाचं नाव बीटालेन. हाच रंग लाल माठात असतो, बोगनवेलीत असतो आणि फड्या निवडुंगाच्या बोंडातही असतो. जांभूळ आणि जांभळा कोबी यांचा रंग तिसराच, अँथोसायनिन. आता ओळख पाहू, बीटालेन आणि अँथोसायनिन हे दोन्ही रंग एकत्र बनवणारं झाड कुठलं? नाहीच! शास्त्रज्ञांना असं एकही झाड निसर्गात सापडलेलं नाही. हा गणवेश घाल नाहीतर तो घाल. दोन्ही एकदम चालणार नाहीत!

आता आईला किंवा बाबांना हाक मार. चिरणं आणि मिक्सर हे त्यांचं काम. बीट तू धू. खसाखसा धू! माती निघाली? पुन्हा धू. दहा वेळा धू. आता वास घे.

गेला का मातीचा वास? नाही ना!

कारण तो वास बिटाला चिकटलेल्या मातीचा नाहीच. तो खुद्द बिटाच्या आत आहे! शास्त्रज्ञांनी एकही जंतू नसलेल्या बंद भांड्यात, मातीचा कणही लागू न देता बिटाची रोपं वाढवली. तरीही बिटात तो वास होताच. बीट तो स्वतःच तयार करतं. बिटाच्या सालीत तो सगळ्यात जास्त असतो. म्हणून साल जरा जाडसर काढायला सांग.

या वासाच्या पदार्थाचं नाव आहे जिओस्मिन. ग्रीक भाषेत जिओ म्हणजे पृथ्वी. मातीचा वास, एवढाच त्या नावाचा अर्थ.

आणि तुझं नाक! अगं बाई, तुझ्या नाकाचं काय सांगू! जिओस्मिन ओळखण्यात ते भलतंच तरबेज आहे. तुझ्या घरचं पाणी ज्या पवना धरणातून येतं, ते काठोकाठ भरलंय असं समज. त्यात सुमारे साडेआठ टीएमसी पाणी मावतं, म्हणजे जवळजवळ 24 हजार कोटी लिटर! आता त्या सगळ्या पाण्याला मातीचा वास यायला किती जिओस्मिन लागेल? ट्रकभर? टेम्पोभर? छे! दोन-अडीच किलो. वाण्याकडून आणलेल्या साखरेच्या दोन पिशव्यांएवढं! तेवढ्यावर तुझं नाक म्हणेल, "मातीचा वास येतोय."

पण पावसात हा वास येतो कुठून? तिथे तर बीट नसतं!

तिथे असतात मातीतले जिवाणू. इतके बारीक, की डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यांच्या कुळाचं नाव स्ट्रेप्टोमायसिस. हेही जिओस्मिन बनवतात. कोरड्या मातीवर थेंब पडला की त्याच्या पोटात हवेचे इवले बुडबुडे अडकतात. ते वर येऊन फुटतात आणि वास हवेत उडवतात. सोडा ओतल्यावर नाकाला कशा गुदगुल्या होतात? अगदी तस्संच!

जिवाणूंना वास हवाय कशाला? तर मातीत टुणटुण उड्या मारणारे सहा पायांचे बारीक प्राणी असतात. त्यांना हा वास म्हणजे भजीचा वास! ते धावत येतात, जिवाणूंवर ताव मारतात आणि अंगाला चिकटलेली जिवाणूंची 'बी' दूरवर नेऊन टाकतात. फुकटची रिक्षाच की!

आता कान इकडे कर. सगळ्यात भारी गोष्ट राहिलीय.

हेच स्ट्रेप्टोमायसिस औषधंही बनवतात! 1943 मध्ये अमेरिकेत अल्बर्ट शाट्झ नावाच्या 23 वर्षांच्या विद्यार्थ्याला अशाच एका जिवाणूकडून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. क्षयरोगावर चालणारं ते पहिलं प्रतिजैविक.

आणि आपल्या पिंपरीत? 1954 मध्ये इथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. आजीला विचार, ती म्हणेल "एचए कंपनी". तिथल्या शास्त्रज्ञांना या कुळातला एक नवा जिवाणू सापडला. त्याच्याकडून त्यांनी बुरशीमुळे होणाऱ्या आजारांवरचं औषध मिळवलं आणि 1961 मध्ये ते जगाला सांगितलं. औषधाचं नाव हमायसिन. आणि जिवाणूचं नाव काय ठेवलं असेल?

स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना!

हो, पिंप्रिना! आपल्या पिंपरीवरून! जगातल्या शास्त्रज्ञांच्या वह्यांत आपल्या गावाचं नाव आहे, आणि ते लिहिलंय मातीतल्या एका जिवाणूच्या नावात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी घरात सगळ्यांना ओरडून सांगितलं होतं. तूही सांग!

चल, रस वाट बघतोय. नुसतं बीट थोड्या पाण्याबरोबर मिक्सरमधून काढून गाळून घे. त्यातला थोडा रस दोन वाट्यांत बाजूला ठेव. एका वाटीत लिंबू पिळ, दुसरीत नको. दहा मिनिटं थांब. मग ताईला डोळे मिटायला सांगून दोन्ही वाट्या हुंगायला दे. कुठल्या वाटीत पाऊस जास्त? आंबट पदार्थात जिओस्मिनचं रूप बदलतं आणि मातीचा वास फिका पडतो. ताईच्या नाकाला ते कळतंय का बघ!

उरलेल्या रसात गाजर, टोमॅटो, आवळा, आलं आणि पुदिना यांचा गाळलेला रस मिसळ. वर चिमूटभर काळं मीठ. बर्फ अजिबात नको! उन्हाच्या तिरिपेत बसून घोटघोट पी. आवळ्यामुळे त्यानंतर साधं पाणीही गोड लागेल.

अरे हो, एक राहिलंच! नंतर शूऽऽ गुलाबी झाली तर किंचाळू नकोस. शंभरातल्या दहा-बारा जणांना बीट खाल्ल्यावर असं होतं. आईला मात्र आधीच सांगून ठेव, "आज मी बीट प्यायलंय!" नाहीतर तीच किंचाळेल.