शंका आली म्हणजे श्रद्धा गेली?

१८७३ च्या सुमारास भिवंडीत संस्कृत काव्याचे धडे गिरवणारा बारा वर्षांचा एक मुलगा पुढे ‘फुलामुलांचे कवी’ आणि रेव्हरंड टिळक म्हणून ओळखला गेला. यंत्रमाग आणि गोदामांच्या आजच्या भिवंडीत नारायण वामन टिळकांची आठवण सहसा निघत नाही. पण ख्रिस्ती माणसाच्या मनात देवाविषयी शंका आली की काय होतं, हे पाहायचं तर टिळकांच्या घरापासूनच सुरुवात करावी लागते. कारण या विषयावरचे बहुतेक गैरसमज त्या एकाच घरात खोटे ठरतात.

पहिला समज असा, की श्रद्धा यायची तर एका क्षणात येते आणि घोळ घालणाऱ्याची श्रद्धा कच्ची. टिळकांचा घोळ दोन वर्षं चालला होता. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन प्रवाशाशी त्यांच्या संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या. उतरण्यापूर्वी त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनाशी, म्हणजे पाच ते सात या अध्यायांशी, टिळक थबकले. पण थबकले म्हणून लगेच नमले नाहीत. ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाकडे नाव न देता पत्रं लिहून त्यांनी आपले प्रश्न मांडले, उलटतपासणी केली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पैशासाठी धर्म बदलला, ही कुजबुज तेव्हाही होती. टिळकांनी मात्र त्या एका दिवसात नातीगोती गमावली, आणि बायको लक्ष्मीबाई व मुलगाही दुरावले. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्या वर्षांची हकिकत कमालीच्या सच्चेपणाने लिहिली आहे. त्या नवऱ्याकडे परतल्या तेव्हाही सोवळं आणि वेगळी चूल घेऊनच परतल्या. टिळकांनी ती चूल मोडली नाही, हे या हकिकतीतलं सर्वांत शिकण्याजोगं. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाचं समाधान झाल्यावर. पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांनीच हाती घेतलं. त्यातले बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंचे आहेत.

बरं, बाप्तिस्मा झाला की शंका संपतात का? पंडिता रमाबाईंना विचारावं. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि खरी वादावादी त्यानंतर सुरू झाली. त्रैक्याचा सिद्धान्त, येशूचा कुमारीच्या पोटी जन्म, चर्चचा अधिकार, यांतलं काहीच त्यांनी मुकाट्याने गिळलं नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, इथपर्यंत त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून भांडण मांडलं. सिस्टरना त्यात अहंकार दिसे. तरी ती पत्रं जपून ठेवली त्यांनीच, आणि १९७७ मध्ये ती छापून निघाली. रमाबाईंनी नंतर स्वतःच सांगितलं, की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र सापडायचा होता. बाप्तिस्म्यानंतर त्यासाठी आणखी सुमारे आठ वर्षं गेली.

देवावर भरवसा म्हणजे हात जोडून बसणं, हा समजही रमाबाईंपुढे टिकत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना आणि बायकांना गोळा केलं, पुण्याजवळच्या केडगावला आणलं, त्यांच्यासाठी छप्परं उभारली. प्रार्थना चालू होती आणि विहिरी खणण्याचं कामही. आईवडील आणि बहीण अशाच एका आधीच्या दुष्काळात गमावलेल्या बाईने हे केलं, हे विसरून चालणार नाही.

शंकेखोराला गप्प करायला बायबलचाच हवाला देण्याची एक पद्धत आहे. याकोबाच्या पत्रातला, शंका धरणारा समुद्राच्या लाटेसारखा असतो, हा दाखला त्यासाठी हमखास बाहेर निघतो. त्याच्या वरच्याच वचनात देव दोष न लावता उदारपणे देतो, असं लिहिलंय. तेवढं मात्र वाचायचं राहतं! यहूदाच्या छोट्याशा पत्रात तर शंका बाळगणाऱ्यांवर दया करा, अशी सूचनाच आहे. तुरुंगात पडलेल्या, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने ‘येणारा तो तूच ना?’ अशा अर्थाचा निरोप येशूकडे पाठवला. येशूने त्याला झिडकारलं नाही, उलट लोकांपुढे त्याचा गौरव केला. जखमा पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणणाऱ्या थोमालाही हाकललं नाही. याच थोमाने भारतात येऊन सुवार्ता सांगितली, अशी इथल्या ख्रिस्ती समाजाची परंपरा आहे. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, आणि बायबलची रचना करणाऱ्यांनी ते गाळलेलं नाही.

संतांना असलं काही होत नाही, असं मानणाऱ्यांना २००७ साली धक्का बसला. मदर तेरेसांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली आणि कळलं, की जवळपास पन्नास वर्षं त्यांना आत देवाची जाणीव होत नव्हती. देवच नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही आणि रुग्णसेवाही थांबवली नाही. चर्चने ती पत्रं त्यांच्या आड येऊ दिली नाहीत. २०१६ मध्ये त्यांना संतपद दिलं.

राहिला शेवटचा समज: प्रश्न विचारणारा शेवटी धर्म सोडतो. टिळकांनी १९१७ मध्ये सोडली ती अमेरिकन मिशनची नोकरी आणि पगार. ख्रिस्त परदेशी पेहरावातच का भेटावा, हा त्यांचा जुना सवाल होता. सातारला त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. अनेक मिशनऱ्यांना ते रुचलं नाही. दरबाराचा जम बसण्याआधीच, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले.