रिंगण आणि चकती : नंदुरबारच्या गीतचित्रफितींचा आढावा

खानदेशातील गीतचित्रफितींचा, म्हणजे केवळ गाण्यासाठी चित्रित केलेल्या आणि बाजारात ‘अल्बम’ या नावाने खपलेल्या फितींचा व चकत्यांचा विचार आजवर जो काही झाला आहे, तो मालेगावपाशी सुरू होतो आणि बहुधा तेथेच संपतो. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ हा हौशी विडंबनपट केला, फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटाने त्या हौशी उद्योगाची कीर्ती परदेशात नेली आणि २०२४ मध्ये रीमा कागती यांनी त्याच कथेवर ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा मोठा चित्रपट उभा केला. या कौतुकाबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती त्या कौतुकातून निघालेल्या या समजुतीबद्दल, की खानदेशच्या कॅमेऱ्याने विडंबन आणि विनोद यांपलीकडे फारसे काही केलेच नाही. तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी आणि घाटावर, त्याच वर्षांत अगदी निराळ्या प्रकारचे चित्रण होत होते. त्यात नायक नव्हता, संवाद नव्हते, पुष्कळदा शीर्षकही नव्हते. होते ते एक रिंगण, मधोमध ढोल आणि एका जागी रोवलेला कॅमेरा.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला आणि व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ सीडी, या माध्यमाची भरभराटही त्याच सुमारास सुरू झाली, हा निव्वळ योगायोग असला तरी अभ्यासकाच्या सोयीचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि तिच्यात अनुसूचित जमातींचा वाटा दोन तृतीयांशांहून अधिक होता. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, धानका अशा समाजांच्या या मुलखात गाणे ऐकायचे म्हणजे ते बहुधा नाचत ऐकायचे. साहजिकच ध्वनिफितीने येथे अर्धीच गरज भागवली. ध्वनिफितींच्या काळाबद्दल येथे अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही. स्वस्त कॅसेटमुळे प्रादेशिक संगीताचा बाजार कसा फोफावला, हे पीटर मॅन्युएल यांच्या १९९३ मधील ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात सविस्तर आले आहे आणि उत्तर भारताबद्दलची त्यांची निरीक्षणे तपशिलाचा फरक सोडल्यास येथेही लागू पडतात.

व्हीसीडीची तांत्रिक घडण मात्र समजून घेणे अगत्याचे आहे, कारण या गीतचित्रांचे सौंदर्य आणि दोष दोन्ही तिच्यातून आले आहेत. १९९३ साली ठरलेल्या या प्रमाणानुसार साध्या सीडीवर सुमारे ७४ मिनिटांचे चित्र व आवाज मावतात, आपल्याकडील पाल पद्धतीत चित्राची चौकट ३५२ गुणिले २८८ बिंदूंची असते आणि एमपीईजी-१ या पद्धतीने ते चित्र दाबून साठवले जाते. दाबून साठवणे म्हणजे प्रत्येक चौकट पूर्ण न लिहिता, मागच्या चौकटीपेक्षा जेवढे बदलले तेवढेच शक्यतो लिहिणे. यासाठी मिळणारी जागा ठरलेली, सेकंदाला साडेअकरा लाख बिटांच्या आसपास. त्यामुळे चित्रात एकदम फार बदल झाला की ती पुरत नाही आणि पडद्यावर चौकोनी ठिगळे उमटतात. कॅमेरा फिरवला, झूम केला किंवा भराभर दृश्ये कापली की सारेच बदलते आणि सारेच फुटते. याउलट कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर असेल तर डोंगर, झाडे, मांडव हे सगळे जसेच्या तसे राहते आणि उपलब्ध जागा नाचणाऱ्यांच्या वाट्याला येते. एका जागी उभा राहिलेला शूटिंगवाला आळशी होता, असे म्हणणाऱ्या टीकाकारांनी कधीतरी दोन चकत्या शेजारीशेजारी लावून पाहाव्यात. ज्या लग्नाच्या चित्रणात पॅनासॉनिकच्या मिक्सरवरची बदामाच्या आकाराची संक्रमणे आणि गरगर फिरणाऱ्या चौकटी आहेत, ते आज पाहवत नाही. आणि ज्या होळीच्या चित्रणात कॅमेरा दहा-दहा मिनिटे हललेला नाही, त्यात ढोलकऱ्याचे मनगट अजून ओळखू येते.

अशी होळीची चित्रणे हा या सगळ्या साठ्यातील सर्वांत मोलाचा भाग आहे, हे मत प्रस्तुत लेखकाने अनेक वर्षे मांडले असून ते बदलण्याचे कारण अद्याप सापडलेले नाही. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळी रात्रभर नाचून पहाटे पेटते. तिच्या आधीच्या आठवड्यात ठिकठिकाणी भोंगऱ्या बाजार भरतात, तेथे होळीची खरेदी होते आणि ढोलांचे आवाज तेव्हापासूनच सुरू होतात. काठीच्या रिंगणात येणारे बावा-बुध्या, म्हणजे नवस फेडण्यासाठी व्रत पाळून अंगावर पांढरी नक्षी रेखणारे, डोक्याला मोरपिसांचा उंच टोप आणि कमरेला घुंगरे व वाळलेले भोपळे बांधणारे पुरुष, हे छायाचित्रकारांचे आवडते विषय आहेत. वर्तमानपत्रांत दरवर्षी त्यांचीच छायाचित्रे येतात. पण छायाचित्रातला बुध्या एकटा असतो, आणि एकटा बुध्या हा या उत्सवाचा केवळ पोशाख आहे. भोपळ्यांचा आणि घुंगरांचा आवाज ढोलाच्या ठेक्यात कोठे पडतो, एका गावाचा जथा आत शिरताना आधीचा जथा जागा कशी देतो, दोन ढोलांच्या ठेक्यांची टक्कर झाली की कोणता मागे हटतो, हे सर्व सलग चित्रणाशिवाय कळत नाही. चकत्यांवर ते आहे. शूटिंगवाल्याने ते शास्त्र म्हणून टिपले नाही. प्रत्येक गावच्या गिऱ्हाइकाला आपला जथा पूर्ण दिसला पाहिजे, नाहीतर तो चकती विकत घेणार नाही, एवढाच त्याचा हिशेब होता. संशोधनाच्या नावाने झालेल्या कित्येक चित्रणांना जी शिस्त साधली नाही, ती या हिशेबाने आपोआप आणली.

अशा चकत्या म्हणजे गीतचित्र नव्हेच, ती केवळ समारंभाची नोंद होय, असा आक्षेप मुंबई-पुण्याच्या चर्चासत्रांतून घेतला जातो. त्यामागे गीतचित्राची एक आयात केलेली कल्पना आहे. स्वीडनच्या ‘अॅबा’ या चौघांच्या समूहाची बहुतेक गीतचित्रे लासे हालस्ट्रोम यांनी दिग्दर्शित केली. त्यांत एक चेहरा समोरून आणि दुसरा बाजूने अशी जवळून घेतलेली जोडचौकट वारंवार येते. त्या समूहाचे गाणे चार चेहऱ्यांचे होते, म्हणून कॅमेराही चेहऱ्यांकडे गेला. सातपुड्यातील गाणे ऐंशी-शंभर जणांचे असते, एक फळी ओळ टाकते आणि दुसरी ती उचलते, म्हणून कॅमेरा मागे सरकला. दोन्ही ठिकाणी कॅमेऱ्याने गाण्याच्या रचनेचेच ऐकले. एकाला शैली म्हणायचे आणि दुसऱ्याला नोंद, हा न्याय कोणत्या शास्त्रातला आहे, हे संबंधितांनी सांगावे.

बँडच्या अल्बमांची शाखा याहून निराळी आणि व्यापारी दृष्ट्या अधिक यशस्वी होती. कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि बेंजो, म्हणजे कळा दाबून वाजवायचे तारवाद्य, टेम्पोवर चढवून लग्नात रात्रभर वाजवणारे बँड नवापूर, तळोदा, शहादा या पट्ट्यात आणि गुजरातच्या उच्छल, सोनगड, सागबारा भागात दोन्हीकडे फिरत. राज्याची सीमा त्यांच्या दृष्टीने जवळजवळ नव्हतीच. ज्या नवापूर स्थानकाचा फलाटसुद्धा दोन राज्यांत विभागलेला आहे, तेथील वादकाकडून वेगळी अपेक्षाही करता येत नाही. टिमली हा ओळीने किंवा वर्तुळात पुढे-मागे पावले टाकत नाचायचा प्रकार आणि रोडाली या नावाने ओळखली जाणारी गाणी यांवर या अल्बमांची मदार होती. यांपैकी चांगल्या चकत्यांत बँड गाडीवर, नाचणारे खाली, आणि कॅमेरा दोघांना एका चौकटीत धरून, अशी रचना आढळते. वाईट चकत्यांत एक जोडपे बागेत हात हलवत असते आणि बँड दिसतच नाही. दुर्दैवाने वाईट चकत्याच अधिक खपल्या, आणि त्यांची नक्कल करताना चांगल्या बँडांनीही पुढे स्वतःला चौकटीबाहेर काढले.

अहिराणी अल्बमांबद्दल थोडक्यात सांगितले तरी पुरे, कारण त्यांच्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. धुळे-जळगावकडील या गाण्यांनी नंदुरबारच्या बाजारातही जागा मिळवली, त्यांचा विनोद कसदार होता आणि अलीकडे ‘हाई झुमका वाली पोर’सारख्या गाण्याने ही बोली कधी न ऐकलेल्या लोकांनाही नाचवले. अहिराणी ही खानदेशाची बोली खरी, पण ती एकमेव नव्हे, हे मात्र अहिराणीचे अभिमानी सोयीस्करपणे विसरतात. देहवाली, मावची, पावरी या भाषांतील गाण्यांच्या चकत्यांवर सरसकट ‘आदिवासी गीते’ एवढेच छापलेले असे. चामुलाल राठवा यांनी देहवालीत आणि वाहरू सोनवणे यांनी भिलोरीत कविता लिहून या भाषांना छापील प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याच भाषांतील गाणाऱ्यांना चकतीच्या वेष्टनावर नावही मिळाले नाही. वेष्टनावर ठळकपणे असे ते शूटिंगवाल्याचे आणि दुकानाचे नाव, आणि खाली दूरध्वनी क्रमांक.

बाजाराचा उतारही याच जागी नोंदवावा लागतो. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना विकायला काढल्या आणि स्थानिक चकतीचा स्वस्तपणा हा एकमेव बचाव गळून पडला. पुढे धडगाव, मोलगी, खापर येथील आठवडे बाजारांत चकत्यांच्या पथारीशेजारी मोबाइलच्या टपऱ्या आल्या, तेथे मेमरी कार्डात गाणी भरून मिळू लागली. आणि २०१६ मध्ये जिओ आल्यावर ज्या पाड्यांपर्यंत मनोरा पोहोचला तेथे तीही गरज उरली नाही. या क्रमाला प्रगती म्हणावयास हरकत नाही. परंतु व्हीसीडी प्लेअर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावून अंगणात एकत्र पाहणारी वस्ती आणि हातातल्या पडद्यावर एकेकटा पाहणारा प्रेक्षक यांच्यासाठी सारखे चित्र काढता येत नाही, आणि आजच्या गीतचित्रांकडे पाहिले की हा फरक ताबडतोब जाणवतो. तीन-साडेतीन मिनिटांत गाणे संपते. ड्रोन रिंगणाच्या वर चढतो, वरून सुरेख नक्षी दिसते, आणि पुढच्याच क्षणी दृश्य कापले जाते; वर्तुळ एकदाही पूर्ण फिरत नाही. मोरपिसांचे टोप भाड्याने आणून, होळीचा महिना नसताना, धरणाच्या भिंतीवर नाचलेले बुध्येही आता सर्रास दिसतात. नवस नसलेल्या बुध्याला काय म्हणावे, हा प्रश्न गावातील वडीलधारी मंडळी विचारतात. अल्बम काढणारे विचारत नाहीत.

जुन्या चित्रणांना आणखी एक अर्थ सरदार सरोवराने दिला आहे. या धरणामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली, मणिबेलीपासून सुरू झालेले बुडणे पुढे सरकत गेले आणि तेथील कुटुंबे तळोदा-शहादा तालुक्यांत सोमावल, रोझवा, वडछील अशा वसाहतींत आली. धरणाविरुद्धच्या लढ्याचे चित्रण बाहेरच्यांनी केले. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांची १९९५ मधील ‘अ नर्मदा डायरी’ सर्वांना ठाऊक आहे. पण नर्मदेच्या खोऱ्यातील लग्ने आणि होळ्या टिपणारे कॅमेरे तालुक्याच्या गावातून भाड्याने गेलेले होते. त्या चित्रणांत रिंगणामागे जी टेकडी, जे मोहाचे झाड किंवा जी नदीकडे उतरणारी वाट दिसते, ती आज पाण्याखाली असण्याचा संभव आहे. कॅमेरा मागे सरकवून उभा राहिल्याचा हा आणखी एक लाभ आहे. चेहऱ्यांच्या मागे लागलेल्या चित्रणात टेकडी उरली नसती.

आता या साठ्याचे काय होणार, याविषयी. ‘बीटल्स’च्या गीतचित्रांचा ‘१+’ हा संच २०१५ मध्ये निघाला, त्यात पन्नास चित्रे मूळ प्रतींवरून चौकटीगणिक स्वच्छ करून नव्या ध्वनिमिश्रणासह दिलेली आहेत. तसे येथे होणे नाही, कारण येथे मूळ प्रतच उरलेली नाही. कॅसेट महाग असल्याने शूटिंगवाला त्याच मिनी-डीव्ही कॅसेटवर पुढचे लग्न घेई, आणि मूळ ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे चित्र पुसले जाऊन त्याची आक्रसलेली व्हीसीडी प्रत तेवढी मागे राही. म्हणजे चकती हीच मूळ प्रत समजून वागले पाहिजे. शिवाय कारखान्यात साच्याने दाबलेली सीडी आणि दुकानात संगणकावर ‘राइट’ केलेली सीडी यांत फरक आहे. दुसरीतील रंगद्रव्याचा थर उन्हाने व दमटपणाने खराब होतो आणि नंदुरबारच्या बहुतेक चकत्या या दुसऱ्या प्रकारच्या आहेत.

या चकत्या वाचवण्याच्या नावाखाली हल्ली काही उत्साही मंडळी त्यांतील चित्र मोठे करून, कडा धारदार करून, रंग भडक करून यूट्यूबवर चढवतात आणि त्यावर आपल्या वाहिनीची मुद्रा ठोकतात. याला जतन म्हणता येणार नाही. मोठे करणारी प्रणाली नसलेले बिंदू अंदाजाने भरते, आणि तिचा अंदाज कधीही न पाहिलेल्या भोपळ्यांच्या माळेबद्दल बरोबर येईल, असे मानण्यास आधार नाही. चकतीवरील ‘एमपीईजीएव्ही’ या कप्प्यात ‘एव्हीएसईक्यू’ या नावाने सुरू होणाऱ्या, ‘डॅट’ प्रकारच्या ज्या फाइली असतात, त्या कोणताही बदल न करता जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात, वेष्टनाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे आणि गाव, प्रसंग, भाषा, ढोलकरी व गाणाऱ्यांची नावे त्या रिंगणात असलेल्या माणसांना शेजारी बसवून लिहून घ्यावीत. पहिली दोन कामे कोणत्याही महाविद्यालयातील विद्यार्थी एका सुट्टीत करू शकतील. तिसऱ्यासाठी काठी, मोलगी, तोरणमाळ या बाजूला जाऊन राहावे लागेल, आणि तेही होळी सोडून इतर दिवसांत, कारण होळीच्या आठवड्यात तेथे उत्तरे द्यायला कोणी मोकळे नसते.