अक्षरे सुधारली, चौकटी तोकड्याच

मोबाइलवर मराठी नीट दिसत नाही ही तक्रार जुनी आहे, पण गेल्या पंधरा वर्षांत तिचे कारण पार बदलले. 2010 च्या आसपास दोष फोनच्या प्रणालीचा आणि फाँटचा होता. आज तो बहुतेक वेळा ॲप बांधणाऱ्याने आखलेल्या चौकटीचा असतो. हा बदल ध्यानात न घेतल्यामुळे डागडुजी भलत्याच ठिकाणी चालते. वेलांटी कापली गेली की फाँट बदलतात, शब्द मावला नाही की अक्षर बारीक करतात, आणि पुढच्या पडद्यावर तेच दुखणे पुन्हा उपटते. मागे वळून पाहिले तर एकच गोष्ट स्पष्ट होते: मजकुराला चौकटीत कोंबण्याचे उपाय तात्पुरते ठरले, चौकट मजकुराप्रमाणे वाढू देण्याचे टिकले.

प्रत्येक अक्षरचिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या संकेतप्रणालीत देवनागरीला 1991 पासून जागा आहे. ती मांडणी 1988 च्या 'इस्की' या भारतीय संकेतावरून घेतलेली. मराठीला रोज लागणाऱ्या 'ॲ'ला मात्र स्वतंत्र क्रमांक मिळायला 2008 उजाडले. पण क्रमांक मिळाला म्हणजे अक्षर पडद्यावर उमटतेच असे नाही. ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर आणि दाखवावी लागते आधी; रफार उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवावा लागतो. ही जुळणी करणारी यंत्रणा सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांत नव्हती, आणि देवनागरी फाँटही सहसा नसे. मराठी पान उघडले की रिकाम्या चौकोनांची रांग दिसे. त्यावर लोकांनी शोधलेली वाट म्हणजे ऑपेरा मिनी या ब्राउझरच्या आडबाजूच्या सेटिंगमध्ये जाऊन अवघड लिप्यांचा मजकूर चित्ररूपात मागवणे. मजकूर वाचता येई, पण ती अक्षरे नव्हती, अक्षरांचे फोटो होते. 2011-12 च्या सुमारास, अँड्रॉइडच्या चौथ्या आवृत्तीपासून, हे दुखणे हटत गेले. पुढे 2016 मध्ये मोबाइल हँडसेटसाठी आयएस 16333 (भाग 3) हे भारतीय मानक आले. फोनवर 22 भाषांतला मजकूर वाचता यावा, अशी त्यातली अट होती. अक्षरांचा प्रश्न इथे जवळपास मिटला. ॲपच्या आतल्या मांडणीबद्दल मात्र ही अट काही सांगत नव्हती.

खरी गंमत त्या मांडणीत आहे. 2014 च्या अँड्रॉइड 5.0 मध्ये अनेक भारतीय लिप्यांचे फाँट दोन रूपांत होते: एक नैसर्गिक उंचीचे, दुसरे वरच्या-खालच्या खुणा दाबून बसवलेले. ॲपने वेगळे काही सांगितले नाही तर दाबलेलेच वापरले जाई, कारण इंग्रजीच्या मापाने आखलेले पडदे मोडायला नकोत. म्हणजे चौकट शाबूत राहावी म्हणून लिपीने अंग चोरायचे. दहा वर्षांनी, 2024 च्या अँड्रॉइड 15 मध्ये, त्या आवृत्तीसाठी बांधलेल्या ॲपांत गुजराती, कन्नड, तेलुगू, तमिळ अशा लिप्यांना उंच रूप आपोआप मिळू लागले. आधीची तडजोड वाचनाच्या मुळावर येत होती, याची ही कबुलीच म्हणायची.

उंचीइतकाच घोळ लांबीचा आहे. मावळातले एक गावच घ्या: लोहगडवाडी. वाचणाऱ्याला त्यात सहा अक्षरे दिसतात, पण युनिकोडच्या हिशेबाने ती नऊ चिन्हे आहेत. रकाना आठ चिन्हांवर तोडला की शेवटची वेलांटी जाते आणि उरते 'लोहगडवाड'. 'शेतकऱ्यांसाठी' सहा चिन्हांवर तोडले तर 'शेतकऱ्' असा पाय मोडलेला तुकडा राहतो. बटणावरच्या अक्षरांत इंग्रजीसारखे अंतर सोडले की शिरोरेषा तुटते. यांतली एकही चूक फाँटची नाही. म्हणून फाँट कितीही बदलले तरी ती जात नाही.

यावर पहिला आक्षेप असा की पडदाच लहान, जागा आणायची कुठून? पण मजकूर दोन ओळींत वाहू द्यायला आणि पडदा खाली सरकू द्यायला अडचण नसते. अडचण असते ती उंची कायमची ठरवून टाकण्यात. शिवाय 2023 च्या अँड्रॉइड 14 पासून अक्षरे 200 टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात. चष्मा लागलेल्या माणसाने तसे केले की ताठर चौकटीत इंग्रजीही कापली जाते. दुसरा आक्षेप खर्चाचा: छोट्या चमूने हे सगळे कधी करायचे? उलट शेवटी एकेक पडदा दुरुस्त करणेच महाग पडते. दहा अक्षरांपर्यंतच्या इंग्रजी मजकुराला भाषांतरात दुप्पट-तिप्पट जागा धरावी, हा आयबीएमचा आडाखा जुना आहे. तो पहिल्या दिवशी पाळायला पैसे पडत नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: बरेच मराठी लोक फोन इंग्रजीतच ठेवतात, मग मराठी पडद्यांसाठी एवढी यातायात कशाला? इथे निर्णायक ठरते ती ॲपच्या आतली माहिती. 15 ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्रभर सुरू झालेली ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने स्वतः ॲपवर करायची पिकांची नोंद, पाहा. इंद्रायणी भाताचा मावळातला शेतकरी फोनची भाषा कोणतीही ठेवो, खातेदाराचे नाव, गाव, पीक, 'कायम पड' आणि 'बांधावरची झाडे' मराठीतच असतात. सातबाऱ्यावर तीन भावांची नावे एकाच आडनावाने सुरू होत असतील आणि रकाना आडनावापाशीच तुटत असेल, तर कोणत्या नावावर बोट ठेवायचे? असा प्रश्न जमिनीच्या कोणत्याही ॲपमध्ये उभा राहू शकतो. तिथे कापलेला शब्द म्हणजे चुकीची नोंद.

म्हणून ॲप तपासताना 'नाव', 'गाव' असले सुटसुटीत शब्द भरून भागत नाही. 'कीर्ती'सारखे वर वेलांटी-रफार असलेले, 'शुद्ध'सारखे खाली लोंबणारे आणि 'शेतकऱ्यांसाठी'सारखे लांब शब्द भरावेत, अक्षर सर्वांत मोठे करावे आणि मगच बटणाची उंची ठरवावी. प्रणाली बनवणाऱ्यांनी आपला वाटा बराचसा उचलला आहे. उरलेला वाटा ॲप बांधणाऱ्यांचा आहे, आणि तो उचलायला आता तांत्रिक सबब उरलेली नाही.