विमान दीड तासाचे, मग दिवस कुठे जातो?

घरात कोणाला मोठे दुखणे निघाले आणि डॉक्टरांनी "मुंबईला टाटाला दाखवा" असे सांगितले, की पहिली काळजी पडते ती माणसाला न्यायचे कसे याची. कोणीतरी म्हणतोच, "विमानाने न्या, नागपूरहून दीड तासात मुंबई!" बोलणे खोटे नाही. पण त्या दीड तासाच्या भरवशावर सकाळची वेळ गाठायला निघालात, तर फसाल.

नागपूर ते मुंबई सरळ रेघ ओढली तर अंतर सुमारे ६८० किलोमीटर भरते. रेल्वे वळसे घेत जाते, तिचे ८३७ होतात. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. तो २०२५ च्या जूनमध्ये पुरता खुला झाला, पण भिवंडीजवळ आमणे येथे संपतो. जेट विमान उंचावर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास धावते. तुम्ही म्हणाल, मग पन्नासच मिनिटे लागायला हवीत!

पण तिकिटावरची वेळ नुसत्या उडण्याची नसते. विमान नागपुरात जागेवरून हलले तेव्हापासून मुंबईत जागेवर येऊन थांबेपर्यंतची ती वेळ असते. धावपट्टीपर्यंत सावकाश जायचे, चढता-उतरताना वेग कमी, आणि वर मुंबईची गर्दी. तिथे मुख्य धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरतात. रांग लागली की विमान आकाशातच घिरट्या घालते. पावसाळ्यात तर विचारूच नका. हिवाळ्यात उंचावरचा वारा पश्चिमेचा, म्हणून जाताना तो समोरून लागतो आणि परतताना पाठीशी असतो. येताना थोडी मिनिटे वाचतात.

आता काटोलकडच्या एखाद्या गावाचा हिशेब मांडून पाहा. घरापासून सोनेगावच्या विमानतळापर्यंत दीड-दोन तास. उड्डाणाच्या दोन तास आधी पोचलेले बरे, कारण सामान घेणारी खिडकी साधारण तासभर आधी बंद होते. मग हातापाया पडून उपयोग नाही. विमानाचा दीड तास, सामान मिळायला अर्धा, तिथून परळपर्यंत रस्त्याच्या गर्दीतून एक ते दीड. सात तास झाले की नाही?

रात्रीच्या दुरांतोला अकरा-बारा तास लागतात, आणि गावापासून स्टेशनपर्यंतचा वेळ वेगळा. पण ते तास आडवे पडून जातात, आणि गाडी सकाळी मुंबईत उतरवते. शिवाय उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग्याला स्लीपर आणि एसी थ्री टायर डब्यात भाडे माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत. त्यासाठी इस्पितळाचा दाखला लागतो. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊकच नसते, आणि विमानासाठी उसनवारी होते.

रात्रभराचा प्रवास ज्याला सोसवणारच नाही, त्याला मात्र विमानानेच न्या. नुकतेच ऑपरेशन झाले असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तिकीट आदल्या दिवशीचे काढा आणि काढतानाच चाकाची खुर्ची मागून ठेवा. चाकू, अडकित्ता हातातल्या पिशवीत चालत नाही, तो मोठ्या बॅगेत टाका. रिपोर्ट, फिल्म आणि औषधे मात्र हातातच असू द्या. बॅग मागे राहिली, तर डॉक्टरांपुढे ठेवायला ती जवळ हवीत.